‘ती मागे गेली’ असं म्हणण्याआधी

माझ्या कपाटात एक गीतपुस्तक आहे, ते माझं नाही. निळ्या कापडी बांधणीचं, हाताळून हाताळून कडा मऊ पडलेलं. आत जवळजवळ प्रत्येक गीतावर पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. श्वास कुठे घ्यायचा तिथे इवलासा स्वल्पविराम, आवाज कुठे उतरवायचा तिथे खाली वळलेली रेघ. एका गीताच्या तिसऱ्या कडव्याशेजारी लिहिलंय, ‘इथे रडायचं नाही’. हे पुस्तक माझ्या मैत्रिणीचं. क्वायरमध्ये ११ वर्षं आम्ही शेजारी उभ्या राहून गायलो. चार वर्षांपूर्वी एका रविवारी ती पुस्तक बाकावर ठेवून गेली, ती परत आलीच नाही.

त्यानंतर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, एकच वाक्य फिरत राहिलं. ‘ती मागे गेली.’ म्हणजे विश्वास सोडून गेली. कुणी हळहळून म्हणालं, कुणी आवाज खाली आणून, कुणी तर प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं. मीही म्हटलंय. आज मला त्याच वाक्याबद्दल लिहायचंय.

आधी काय झालं ते सांगते. तिचा मुलगा सहा वर्षांचा होता आणि फार आजारी पडला. मंडळीने त्याच्यासाठी मनापासून प्रार्थना केली, उपास केले, रात्ररात्र साखळी प्रार्थना चालवली. यात कुणी कसूर केली असं मी कधीच म्हणणार नाही. मुलगा गेला. त्यानंतर तीनएक आठवड्यांनी उपासना संपल्यावर एक ज्येष्ठ भगिनी तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘आपला विश्वास कुठेतरी कमी पडला असेल गं.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असणार. मी पुस्तकं गोळा करत राहिले.

ती त्या दिवशी गेली नाही, हे मला नंतर फार छळत राहिलं. पुढचे पाच महिने ती येत होती, गात होती. आधी बुधवारची प्रार्थनासभा सुटली, मग सरावाला उशीर होऊ लागला, मग प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी ती बाहेर जाऊन उभी राहायला लागली. सगळं आमच्या डोळ्यांदेखत होत होतं. बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच इशारा आहे, की ऐकलेल्या गोष्टी घट्ट धरून ठेवा, नाहीतर वाहवत जाल. वाहवत जाणारा माणूस पाय आपटून निघून जात नाही. तो पाण्यातच असतो, फक्त दर वेळी पाहाल तेव्हा काठापासून थोडा लांब.

लोक विश्वास का सोडतात, याचं एक उत्तर प्रभूने स्वतः दिलंय आणि आपण ते लहानपणापासून पाठ केलंय. पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट. बी म्हणजे देवाचं वचन आणि जमीन म्हणजे ते ऐकणारा माणूस. वाटेवरचं बी, खडकाळ जमिनीतलं, काटेरी झाडांमधलं आणि चांगल्या मातीतलं. पण आपण तो दाखला नेहमी दुसऱ्याची जमीन मोजायला वापरतो. ती खडकाळ होती, तो काटेरी होता. आणि आपण अर्थातच चांगली जमीन! मला आता त्यातलं तिसरं बी जास्त अस्वस्थ करतं. खडकावरचं रोप ऊन लागल्यावर करपतं, ते सगळ्यांना दिसतं. काट्यांमधल्या रोपाबद्दल मात्र एवढंच म्हटलंय, की संसाराची चिंता आणि धनाचा मोह त्याची वाढ खुंटवतात आणि ते निष्फळ होतं. ते वाळून गेलं असं तिथे म्हटलेलं नाही. म्हणजे रोप उभं आहे, हिरवंही दिसत असेल, फक्त कणीस नाही. असा माणूस मंडळी सोडून कुठेही जात नाही. दर रविवारी वेळेवर येतो, कमिटीवर असतो, अर्पण देतो, आणि त्याचं प्रभूशी बोलणं कधीच थांबलेलं असतं. त्याच्याबद्दल ‘मागे गेला’ असं कुणी म्हणत नाही. सोडून जाणाऱ्यांची यादी करायचीच असेल, तर ती दाराबाहेरच्यांपासूनच का सुरू करायची?

आणि हा काही आजच्या पिढीचा रोग नाही. ‘हल्लीची मुलं’, ‘हल्लीचे मोबाइल’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. इसवी सन ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांचं काय करायचं ते विचारलं होतं. त्या पत्रात तो सांगतो, की चौकशीत काही जण म्हणाले, ‘आम्ही होतो ख्रिस्ती, पण सोडून दिलं.’ कुणी तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं, कुणी तर वीस वर्षांपूर्वी. हिशेब करा. म्हणजे पहिल्या शतकातच लोक सोडून जात होते.

इसवी सन २५०मधली गोष्ट तर प्रत्येक मंडळीच्या कमिटीने एकदा तरी वाचावी. सम्राट डेसियसने हुकूम काढला, की सगळ्यांनी अधिकाऱ्यांसमोर देवतांना बली अर्पण करायचा आणि तसं केल्याचा दाखला घ्यायचा. त्यातले काही दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर आजही सापडलेत. नाव, गाव, ‘मी नेहमीच देवतांना बली देत आलो आहे’ असं निवेदन आणि खाली साक्षीदाराची सही. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी बली दिला. कितीतरी जणांनी बली न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरला तसे हेच लोक रडत परत आले आणि मंडळीसमोर प्रश्न उभा राहिला, यांना घ्यायचं की नाही? रोममध्ये नोवेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, मंडळीला यांना परत घेण्याचा अधिकारच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन त्या छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता. त्याने २५१मध्ये इतर बिशपांना बोलावून ठरवलं, की सरसकट माफी नको आणि सरसकट बंदीही नको. प्रत्येकाची गोष्ट वेगळी ऐकायची. ज्याने दाखला विकत घेतला त्याचं वेगळं, ज्याने बली दिला त्याचं वेगळं, पश्चात्तापाचा काळ वेगळा. पुढे २५८मध्ये याच सिप्रियनने विश्वासासाठी प्राण दिले.

मला यातलं ‘प्रत्येकाची गोष्ट ऐकायची’ हे फार मोठं वाटतं. माझ्या मैत्रिणीची गोष्ट आमच्यापैकी कुणी ऐकली? पाच महिन्यांत एकानेही तिला विचारलं नाही, की प्रार्थना करताना तुला आता काय वाटतं. आम्ही तिला वचनं पाठवली. सकाळी सकाळी, सूर्योदयाच्या चित्रांवर छापलेली.

इथे कुणीतरी योहानाच्या पहिल्या पत्रातला २:१९ काढणार, मला माहीत आहे. ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हतेच, अशा अर्थाचं वचन. माझ्या तोंडावर ते वाचून दाखवलं गेलंय. कृपा करून त्याच्या आगेमागे वाचा. योहान तिथे ख्रिस्तविरोधकांबद्दल बोलतोय, येशू हा ख्रिस्त आहे हेच नाकारून लोकांना बहकवणाऱ्यांबद्दल. मूल गमावलेल्या आईच्या कपाळावर चिकटवायला ते लिहिलेलं नाही.

खरा विश्वासणारा कायमचा गळून पडू शकतो का, यावर ख्रिस्ती जगात शेकडो वर्षं वाद चाललाय. १६१८-१९मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे भरलेल्या सभेने ठरवलं, की देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या अनुयायांनी ते मानलं नाही, त्यांनी इब्री ६मधल्या, गळून पडणाऱ्यांबद्दलच्या कडक इशाऱ्याकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजूंना वचनं आहेत आणि दोन्ही बाजूंना देवाची माणसं आहेत. माझ्या हातून तुला कोणी हिसकावून घेणार नाही, हे येशूचं अभिवचन मी स्वतः रोज उराशी धरून झोपते. पण त्या सिद्धान्ताचा धीर मला माझ्यापुरताच घेता येतो. दुसऱ्याचं नाव निवडलेल्यांच्या वहीत आहे की नाही, हे तपासायला मला कुणी बसवलेलं नाही.

सगळेच जखमी होऊन जातात असंही मी म्हणत नाही. काहींना जगच जास्त आवडतं. प्रेषित पौलाने आपला सहकारी देमास याच्याबद्दल तसंच लिहिलंय. काहींना पुढाऱ्यांचा ढोंगीपणा दिसतो, पैशांचे गैरव्यवहार, झाकलेली पापं, आणि ते बोलून दाखवणाऱ्यालाच मंडळी परका करते. काही जण प्रामाणिकपणे प्रश्न विचारत विचारत एका ठिकाणी पोहोचतात आणि म्हणतात, मला आता हे खरं वाटत नाही. अशा एका तरुणाला आमच्या शास्त्रपाठात ‘शंका सैतानाकडून येतात’ एवढं सांगून बसवलं होतं. तो दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. त्याचे प्रश्न उत्तर देण्यासारखे होते, आणि दोन-तीन तर असे होते की ज्यांची उत्तरं माझ्याकडे आजही नाहीत. पण ‘मलाही माहीत नाही, आपण मिळून शोधू’ म्हणायला कुणाचं काय गेलं असतं?

टिकून राहणं म्हणजे काय, याची आपली कल्पनाच मुळात चुकलीय असं मला वाटायला लागलंय. आपल्याला वाटतं, टिकणारा म्हणजे कधी न डगमगणारा. साक्षीसुद्धा आपण तशाच ऐकतो. संकट आलं, प्रार्थना केली, उत्तर मिळालं, हालेलुया. ज्याला उत्तर मिळालं नाही त्याला माइक मिळत नाही. पण स्तोत्रसंहितेत ८८वं स्तोत्र आहे. शेवटपर्यंत वाचा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ वगैरे. हे वळत नाही. हे अंधारातच संपतं. आणि ते कुणी पुस्तकातून काढून टाकलं नाही. इतक्या पिढ्या ते गायलं गेलं, मंडळीत, सगळ्यांच्या सोबत. माझी मैत्रीण त्या पाच महिन्यांत नेमकं हेच स्तोत्र जगत होती आणि आम्ही तिच्या हातात टाळ्या वाजवायची गीतं देत होतो.

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कितीतरी लोकांना धक्का बसला. अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. रिकामपण, अंधार असे शब्द त्यांनी स्वतः लिहिलेत. आणि रोज पहाटे उठून प्रार्थना चालूच. काही जण म्हणाले, बघा, त्यांचाही विश्वास नव्हता. मला ती पत्रं कळली तेव्हा उलट धीर आला. न वाटताही माणूस राहू शकतो. पण हेही दिसलं, की ते अंधाराचं ओझं त्यांनी कुणाला तरी लिहून सांगितलं होतं. ऐकणारे होते.

येशूचा शिष्य पेत्र याचंही तसंच. त्याने येशूला तीनदा नाकारण्याच्या आधीच प्रभू त्याला सांगतो, मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, की तुझा विश्वास ढळू नये. लूक २२. पेत्र उठला तो स्वतःच्या जिद्दीवर उठला नाही. तो पडायच्या आधी कुणीतरी त्याच्यासाठी गुडघ्यावर होतं. आणि इब्री ३:१३ सांगतं, की रोज एकमेकांना धीर द्या, म्हणजे कुणाचंही मन कठीण होणार नाही. रोज! मग एखाद्याचं मन कठीण झालं तर तो प्रश्न एकट्या त्याचा कसा? तिचा विश्वास कमी पडला हे आम्ही लगेच शोधून काढलं. आमचं प्रेम कमी पडलं, हे बोलायला मला चार वर्षं लागली.

पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, चौथा अध्याय. पौल तुरुंगात आहे, थंडीसाठी झगा मागवतोय, मरण समोर दिसतंय. दहाव्या वचनात लिहितो, देमास मला सोडून गेला. हाच देमास, ज्याचं नाव कलस्सैकरांस आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रांत लूकच्या शेजारी आहे. वाचताना तिथे नेहमी गलबलून येतं. पण लगेच पुढचं वचन पाहा. मार्काला सोबत घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. कोण मार्क? तोच, जो पंफुल्यात काम अर्धवट टाकून निघून गेला होता, ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. त्या दिवशी पौलाच्या दृष्टीने मार्कही ‘मागे गेलेला’च होता. बर्णबाने मात्र त्याला हाताला धरून कुप्र बेटावर नेलं. तिथे त्यांचं काय बोलणं झालं, काही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच, की पुढे कित्येक वर्षांनी पौल स्वतः त्याला बोलावतोय. देमासाच्या आणि मार्काच्या मध्ये एका वचनाचंही अंतर नाही. मधला बर्णबा मात्र आपण नेहमी विसरतो.

मागच्या महिन्यात मी मैत्रिणीला फोन केला. चर्चला ये म्हणायला नाही. त्या रविवारी मी गप्प राहिले, माझं चुकलं, एवढंच सांगायचं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुला आठवतंय ते?’ मी म्हटलं, ‘रोज.’ मग मी तिच्या मुलाचं नाव घेऊन विचारलं, त्याचं आवडतं गाणं कोणतं होतं गं? पाऊण तास ती बोलत होती. तो गाणी कशी चुकीच्या शब्दांनी म्हणायचा, कोणत्या ओळीला हसायचा, सगळं. त्याचं नाव इतरांच्या तोंडून ऐकून तिला किती दिवस झाले होते, तेही सांगितलं. लोक नाव घ्यायचं टाळतात म्हणाली.

देवाबद्दल आम्ही काहीच बोललो नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, ‘परत कर हं फोन.’ त्यानंतर तीनदा बोललोय. येत्या शनिवारी भेटणार आहोत. ते निळं पुस्तक सोबत न्यावं की नाही, माझं अजून ठरत नाहीये. काल रात्री काढून बघत होते. ‘इथे रडायचं नाही’ची पेन्सिल थोडी पुसट झालीय, पण वाचता येते.