जाम झालेला ग्रासकटर: डिझेल ओतण्याआधी सायलेन्सर काढा

पाऊस ओसरला, बागेतलं गवत कमरेला लागलं की कोकणात घराघरांतून ग्रासकटर बाहेर निघतात, आणि त्याच सुमारास फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: "ग्रासकटर जाम झालाय? प्लग काढा, आत डिझेल ओता, रात्रभर ठेवा. सकाळी जोर लावून दोरी ओढा. सुटला की चालू करा. नाहीच सुटला तर भंगारात द्या, उघडण्यात काही अर्थ नाही."

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांनी हा मेसेज अक्षरशः पाळला. इंजिन सुटलं, दहा मिनिटं चाललं आणि पुन्हा बसलं. माझ्या पडवीत आलं तेव्हा पिस्टनवरच्या रिंगेचा तुकडा सायलेन्सरच्या खिडकीत, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकात, अडकलेला होता आणि सिलिंडरला नख अडकेल एवढी चीर पडली होती. पिस्टन आणि रिंगांवर भागलं असतं, तिथे अख्खा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरच, नवा घ्यावा लागला. म्हणून मेसेजमधली एकेक गोष्ट घेतो. बोलतोय ते ५२ सीसी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालवायच्या, मशीनबद्दल. लॉनवर ढकलत न्यायच्या फोर-स्ट्रोक मशीनचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

"डिझेल ओता, रात्रभर ठेवा." हा सल्ला जाम म्हणजे गंज असं धरून चालतो. पावसाळाभर ओल्या पडवीत पडून राहिलेल्या मशीनला ते लागू पडतं, आणि तिथे डिझेल खरंच काम करतं, हे मान्य. पण काम करता करता बसलेलं इंजिन गंजानं बसलेलं नसतं. तिथे पिस्टनचं अॅल्युमिनियम तापून सिलिंडरला चिकटलेलं असतं. त्याला डिझेल विरघळवू शकत नाही.

म्हणून आधी बघा. प्लग काढून दोरी हळूच ओढा. फिरली तर आत नुसतं पेट्रोल किंवा ऑइल साचलेलं होतं. ढकलायचं मशीन चुकीच्या कुशीवर आडवं केलं की हेच होतं. नाही फिरली तर स्टार्टरचं कव्हर उतरवा आणि मॅग्नेटचं चाक हातानं फिरवून पाहा. कित्येकदा इंजिन मोकळं असतं, अडकलेला असतो तो स्टार्टर. तरीही जाम असेल तर सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा. समोर एक खिडकी दिसेल. टॉर्च मारा, पिस्टनची बाजू आणि रिंगा डोळ्यांसमोर येतात. तपकिरी पापुद्रा दिसला तर गंज. उभे चकचकीत ओरखडे आणि राखाडी फासल्यासारखा थर दिसला तर चिकटलंय. एवढं बघायला पंधरा मिनिटं लागतात, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

डिझेलऐवजी कोल्ड्रिंक ओतायला सांगणारी आवृत्तीही फिरते. त्यातलं आम्ल सौम्य असतं आणि मागे साखरेचा चिकटा राहतो. ते आत घालूच नका.

"जोर लावून दोरी ओढा." सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात. चिकटलेली रिंग हिसक्यानं सरकली की तिचं टोक खिडकीच्या काठाला अडकतं आणि तुटतं. काकांच्या मशीनचं नेमकं हेच झालं. वर स्टार्टरच्या प्लॅस्टिकच्या कुत्र्या (चाकाला पकडणारे दात) मोडतात त्या वेगळ्याच. मॅग्नेटच्या नटाला लांब पाना लावून जोर केला तर चाकाखालची चावी (चाक जागेवर धरणारी धातूची बारीक पट्टी) कापली जाते, ठिणगीचं टायमिंग हलतं, मग इंजिन मोकळं होऊनही पेटत नाही.

त्यापेक्षा सिलिंडरच्या बुडाशी असलेले बोल्ट एल-कीनं काढा. खिडकीतून आणि प्लगच्या भोकातून पातळ ऑइल सोडा. लाकडाच्या ठोकळ्यानं चारही बाजूंनी हलके ठोके देत सिलिंडर सरळ वर उचला, पिळू नका. तो निघाला की खालच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) लॉक आत पडतं आणि खालचा भाग फोडायची वेळ येते.

"सुटला की चालू करा." का बसलं ते कळलं नसेल तर ते पुन्हा बसणार. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन जास्त तापलंय: सिलिंडरच्या पात्यांत गवताचा लगदा भरलाय, ऑइल कमी पडलंय, किंवा पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातेय. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं माप मशीनच्या पुस्तकात असतं. २५ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिली, ५०ला १ म्हणजे २० मिली. अंदाजानं टोपणभर ओतायची सवय इथेच नडते. गाडीचं जळकं ऑइल तर मुळीच नको.

जास्तीची हवा शिरते ती कार्बोरेटरखालच्या फाटलेल्या पॅकिंगमधून किंवा क्रँकच्या (पिस्टनखालच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) वाळलेल्या ऑइल सीलमधून. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर लावलेला कार्बोरेटर कमी इंधन देऊ लागतो. ते ओलही धरतं. टाकीत चार महिने तसंच ठेवलं की रबरी नळी आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा (डायफ्राम) कडक होतात. कारण सापडलं की ते आधी दुरुस्त करा आणि मगच पिस्टन घाला.

डिझेल ओतलंच असेल तर तेही काढायला हवं. टू-स्ट्रोकमध्ये ते खाली क्रँकपाशी साचतं, फोर-स्ट्रोकमध्ये रिंगांवरून झिरपून ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. तिथे ऑइल बदलल्याशिवाय दोरीला हात लावू नका.

"उघडण्यात काही अर्थ नाही." पिस्टन, रिंगा, पिन आणि लॉक यांचा संच काही शेकड्यांत मिळतो. नवं मशीन घ्यायला हजारो रुपये लागतात.

सिलिंडर मात्र ओळखावा लागतो. ग्रासकटरचा बहुधा अॅल्युमिनियमचा, आतून कडक मुलामा दिलेला असतो. त्याचं रिबोअर, म्हणजे आतून घासून मोठं करणं, होत नाही. वर चिकटलेलं अॅल्युमिनियम फरशी धुवायच्या अॅसिडनं निघतं. हे काम अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून करायचं. कानकाडीनं फक्त त्या डागावर थेंब थेंब लावा, बुडबुडे येतात, पुसा, पुन्हा लावा. बुडबुडे थांबले की अॅल्युमिनियम संपलं. खिडक्यांच्या कडांना मुलामा नसतो, तिथे थेंब जाऊ देऊ नका. मग खायच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी आणि लगेच ऑइल. मुलामाच उडाला असेल तर नवा ब्लॉक घ्या. ढकलायच्या मशीनला आत बिडाची (ओतीव लोखंडाची) स्लीव्ह, म्हणजे अस्तराची नळी, असेल तर अॅसिड अजिबात नको, ते लोखंड खातं. ती लेथवाल्याकडे न्या.

जोडताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. खोबणीत बारीक खुंटी असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत. आधी नुसती रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ४४ मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) ०.२ मिमीच्या आसपास बरी. लॉक नवीनच वापरा.

एका बाबतीत मेसेज बरोबर ठरू शकतो. सिलिंडर काढल्यावर पिस्टनचा रॉड धरून वरखाली हलवा. आडवा थोडा हलणारच. पण वरखाली टकटक वाजला तर खालचं बेअरिंग गेलंय, आणि क्रँक घरी प्रेस होत नाही. तेव्हा खर्चाचा हिशोब करून थांबावं. मात्र कार्बोरेटर, कॉइल आणि स्टार्टर काढून ठेवा. काकांच्या मशीनला आज जी कॉइल आहे ती अशाच एका मशीनमधून आली.