जुन्या पिकअपचे तेलपाणी

जुनी पिकअप बाळगणाऱ्या माणसाला इंजिन ऑइलविषयी स्वतःचे मत असण्याची गरज नसते. ती गरज भागवायला सारे गाव समर्थ असते. आमची गाडी २०११ सालची, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून लासलगावला कांदा आणि पिंपळगावला टोमॅटो वाहता वाहता तिचा मीटर केव्हाच एका आकड्यावर थांबला आहे, त्यामुळे ती आजवर किती किलोमीटर चालली हे तिचे तिलाच ठाऊक. गाडी आमच्याकडे तिसऱ्या हाताने आली. तिच्यासोबत तुळजाभवानीचा फोटो, लिंबू-मिरची बांधायची तार आणि न वाजणारा टेप एवढे सगळे मिळाले. कोणते ऑइल घालावे हे सांगणारी कंपनीची पुस्तिका तेवढी मिळाली नाही.

पुस्तिका नसली की मिस्त्री असतो. आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले, गेजची पट्टी ओढून काढली, खांद्यावरच्या चिंधीने पुसून पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि उन्हाकडे तिरपी धरून बराच वेळ पाहिली. मग टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून नाकाशी नेला आणि दोन्ही बोटे हळूहळू दूर करत, साखरेचा पाक पाहावा तसे मध्ये तार धरते का ते पाहिले. तार धरली नाही. ‘पाणी झालंय, दादा,’ ते म्हणाले, ‘आणि इंजिन आता म्हातारं झालं. जाडच घाला. वीस-पन्नास नंबरचं.’

या सल्ल्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य असलेला सल्ला खोडून काढणे फार अवघड असते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर चढून जळते, मागून निळसर धूर निघतो, आणि ऑइल दाट असेल तर ते जरा कमी जळते, हे खरे. परंतु दाट ऑइलाने रिंगा नव्या होत नाहीत. शिवाय पहाटे मार्केट गाठण्यासाठी गाडी सुरू केली की ते वरच्या भागांपर्यंत आणि टर्बोपर्यंत सावकाश पोहोचते, आणि कोरडी झीज नेमकी त्याच क्षणांत होते. हे मी मिस्त्रींना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर त्यांनी एरवी पुस्तके वाचून गाडी बिघडवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे.

त्याच आठवड्यात धाकटे दाजी पुण्याहून आले. त्यांच्याकडे नवी बीएस-६ गाडी आहे आणि तिच्यात जे जे आहे ते ते इतरांकडेही असावे असा त्यांचा उदार आग्रह असतो. ‘दादा, फुल्ली सिंथेटिक, पाच-तीस. डोळे झाकून.’ त्यांच्या गाडीला ते योग्यच आहे. आमच्या गाडीचे सैल पडलेले बेअरिंग आणि वाळलेले ऑइल सील मात्र इतक्या पातळ ऑइलाला पाहुण्यासारखे दारापर्यंत सोडायला निघाले असते. तापलेल्या इंजिनाने रेल्वे फाटकापाशी थांबावे आणि ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याने डोळे मिचकावू लागावे, ही शोभा मला नको होती. तात्यांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, पडवीतला डबा पुढे केला. ‘ट्रॅक्टर दिवसभर ओढतो याच्यावर, तुझी पिकअप काय घेऊन बसलास!’ डब्याचे लेबल खताच्या गोण्यांना घासून गेले होते; उरलेल्या अक्षरांवरून ते ट्रॅक्टरच्या गिअर आणि हायड्रॉलिकचे निघाले. पत्नी म्हणाली, घरात शेंगदाणा की सूर्यफूल यावर तुम्ही आयुष्यात एक वाक्य बोलला नाहीत.

शेवटी मी डब्यांवरची अक्षरे वाचायला बसलो. ऑइलचा दाटपणा मोजण्याची ही अमेरिकन पद्धत १९११ पासून चालत आली आहे, तरी आमच्या तालुक्यात तो अजूनही दोन बोटांनीच मोजला जातो. पंधरा-चाळीसमधला ‘चाळीस’ म्हणजे शंभर अंश तापमानाला ऑइल किती दाट राहते त्याचा दर्जा, आणि ‘पंधरा डब्ल्यू’ म्हणजे थंडीतली परीक्षा. ती उणे वीस अंशांवर घेतात. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत शेकोट्यांची छायाचित्रे येतात. उणे वीसपर्यंत पोहोचायला आम्हाला अजून अवकाश आहे. त्यामुळे पहिल्या आकड्याची काळजी आम्ही करायचे कारण नव्हते, दुसऱ्याची होती.

दुसरी ओळ अधिक महत्त्वाची, आणि तीच कोणी वाचत नाही. तिथे ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीआय-४ हा २००२ चा, सीके-४ हा २०१६ अखेरचा. नंतरचे ऑइल आधीच्या इंजिनाला चालते, उलटे करू नये. सीके-४ मधली राख मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते, कारण नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीतली काजळीची गाळणी राखेने तुंबते. आमच्या गाडीला अशी गाळणीच नाही, मग तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे प्रयोजन दिसेना. पंधरा-चाळीस, सीआय-४ प्लस, साधे खनिज ऑइल: निर्णय झाला.

निर्णय झाला म्हणजे खरेदी झाली असे नव्हे. दुकानदाराने मला हवे ते ऑइल दाखवण्याआधी दुसऱ्याच कंपनीचा डबा काउंटरवर ठेवला आणि त्याची थोरवी सांगितली. मिस्त्रीही त्याच डब्याकडे प्रेमाने पाहत होते. झाकणाखाली मिस्त्रीसाठी कुपन असते हे कळल्यावर त्या प्रेमाचा मला उलगडा झाला, आणि खरे सांगायचे तर रागही आला नाही. इंजिनाखाली उताणे पडून चेंबरचा नट खोलणाऱ्याला कोणीतरी काहीतरी द्यायलाच हवे. कुपनाएवढे पैसे मी वेगळे दिले आणि माझाच डबा घेतला. रिकामा झाल्यावर त्याला खिळ्याने भोक पाडले, कारण धड डब्यांत भलतेच ऑइल भरून ते पुन्हा दुकानांत येते.

नवे ऑइल पहिल्या काही खेपांतच काळे पडले. काजळी अंगावर घेणे हे डिझेल इंजिनातल्या ऑइलाचे कामच आहे, पण चहाच्या टपरीवर ‘डुप्लिकेट दिलं तुम्हाला’ असा निकाल एकमताने लागला.

त्या दिवशी चेंबरमधून काढलेले जुने, जळके ऑइल मिस्त्रींनी घमेल्यात धरले होते. ते गार होण्याआधीच तात्या सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला कॅन घेऊन आले, शेजारच्यांना ते फाटकाच्या बिजागरीला हवे होते, आणि पुण्याला निघालेल्या दाजींनीही गॅरेजच्या शटरसाठी पाण्याची रिकामी बाटली पुढे केली. ते किती नंबरचे आहे, हे एकानेही विचारले नाही.