‘आठ महिन्यांत एकही केस उगवला नाही’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

लायकेन प्लॅनोपिलारिस या टाळूच्या आजारासाठी आठ महिने मलेरियाच्या गोळ्या दिल्या, डोक्यात इंजेक्शनं टोचली, कातडीचा तुकडा काढला, वर डोळ्यांच्या तपासणीचा खर्च लावला आणि चट्ट्यावर एकही केस आला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे फोटो, रिपोर्ट इथे मांडणं मला योग्य वाटत नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंत तेवढ्यावरच बोलते.

आधी माझी चूक. चट्ट्यावर केस परत येणार नाहीत हे तिसऱ्या भेटीत कळलं, असं तुम्ही म्हणता. बायॉप्सीचा, म्हणजे कातडीच्या त्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी ते तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं. तेवढे दिवस तुम्ही रोज आरशात नवे केस शोधत राहिलात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माफ करा.

पण ‘जावेचे केस परत आले, मग माझे का नाही’ ही तुलना मला खोडावी लागेल. त्यांना चाई झाली होती. चाईत केसाचं मूळ शाबूत राहतं, म्हणून केस पुन्हा येऊ शकतात. तुमचा लायकेन प्लॅनोपिलारिस हा आजार वेगळा. यात आपलीच प्रतिकारशक्ती मुळावर चालून जाते, आणि नेमक्या त्या भागावर, जिथून केस पुन्हा पुन्हा जन्म घेतो. तो भाग गेला की तिथे व्रण होतो, केसाचं छिद्रच बुजतं. चट्टा गुळगुळीत, चकचकीत दिसतो तो त्यामुळे. बुजलेलं छिद्र उघडणारं औषध आज कोणाकडेही नाही. औषध द्यायचं ते शेजारचे केस वाचवायला. इंजेक्शनं चट्ट्याच्या मध्ये न देता कडेला देतात, ती याचसाठी. तुकडाही कडेचाच घ्यावा लागतो, जिथे केसाभोवती लाली आणि कोंड्यासारखे पापुद्रे असतात. मधला घेतला तर नुसता व्रण दिसतो, आजार ओळखू येत नाही.

तुमच्या गोळ्यांतलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मूळचं मलेरियाचं हे खरं, पण ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आणि संधिवातातही ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. त्याचा परिणाम सावकाश दिसतो, सहा महिने ते वर्ष लागतं. डोस वजनावर ठरतो, दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त 5 मिलिग्रॅम. दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून सुरुवातीलाच एकदा तपासणी करून घेतो. हा खर्च मी उद्याही सांगेन.

दुसऱ्या एका ठिकाणी लगेच हेअर ट्रान्सप्लांट करून देतो म्हणाले, हे वाचून मात्र काळजी वाटली. आजार जागा असताना लावलेले केसही तो खातो. तो शांत होऊन निदान एक-दोन वर्षं जाऊ द्यावीत, मगच त्याचा विचार करावा.

गोळ्या मनानेच बंद केल्या असतील तर कृपया कळवा. खाज, आग किंवा टाळू दुखणं पुन्हा सुरू झालं असेल तर लगेच या. पहिल्या दिवसाचे डर्मोस्कोपचे (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाचे) फोटो आणि आजचे फोटो शेजारी ठेवून चट्ट्याची कड सरकली की थांबली, हे तुमच्यासमोर बघू. या भेटीची फी घेणार नाही. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर बायॉप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड (मेणात जपून ठेवलेला तुकडा आणि त्याचे काचेवरचे पातळ काप) मागून घ्या, म्हणजे पुन्हा तुकडा काढावा लागणार नाही. रिसेप्शनला तसं सांगून ठेवलं आहे.