‘दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका’ हे कुणाला सांगायचं?

मार्च संपत आला की फोनवर तो मेसेज फिरायला लागतो. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. मीही दरवर्षी तो चार ग्रुपवर पाठवायचो. आणि त्याच दिवशी भर दुपारी माझ्या रानात दहा-बारा माणसं हळद शिजवत असायची. त्यांना कामाची वेळ मीच दिलेली होती.

वसमत तालुक्यात आमची हळद आहे. हळदीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काढणी फेब्रुवारी-मार्चात सुरू होते आणि शिजवणी एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे जमीन तापायला लागली की आम्ही रानात जाळ करतो. कुकरखाली भट्टी, ड्रम उघडला की अंगावर येणारी वाफ, खाली ओतलेल्या शिजक्या हळदीची वाफ आणि डोक्यावर सूर्य. टीव्हीवर ‘परभणी 42’ असं दिसतं तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीवर, वारा खेळेल असा ठेवलेला असतो. भट्टीला लाकूड लावणाऱ्या माणसापाशी किती ताप आहे, हे कुणी मोजत नाही.

मागच्या एप्रिलची गोष्ट. आमच्याकडे कैक वर्षांपासून कामाला येणारे एक मामा आहेत, साठीच्या आसपासचे. भट्टी त्यांच्याकडेच असते, कारण जाळ कुठं वाढवायचा, कुठं ओढायचा ते त्यांनाच कळतं. दुपारी दीडच्या सुमाराला ते मला म्हणाले, “मालक, बैलं सोडलेत का?” आमचे बैल विकून सहा वर्षं झाली. पोरं हसली. मी पण हसलो. थोड्या वेळानं ते जाळाकडं पाठ करून नुसतेच उभे राहिले, लाकूड हातात तसंच. कुणीतरी म्हणालं, “मामानं सकाळीच घेतली दिसायलीय.” मामा माळकरी आहेत. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी आम्हाला तेच सुचलं. ऊन लागलं असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. अंग घामानं निथळत होतं ना. उष्माघातात घाम बंद होतो, एवढंच आम्ही ऐकलेलं.

दहा मिनिटांत ते कोसळले.

त्यानंतर आम्ही जे केलं ते जवळजवळ सगळं चुकलं, आणि त्यासाठीच ही पोस्ट लिहितोय. एकानं कांदा फोडून नाकाला लावला. एकानं चप्पल हुंगवली. मी गाडीच्या डिकीतली तापाची गोळी काढून, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात घालून वर पाणी ओतलं. ते श्वासनलिकेत गेलं असतं तर मामा तिथंच गेले असते. मग मोटरसायकलवर दोघांच्या मधी त्यांना बसवलं आणि चौदा किलोमीटर, त्याच उन्हातून, दवाखान्यात नेलं. 108 ला फोन लावायचं कुणालाच सुचलं नाही.

डॉक्टरांनी आधी अंगात किती ताप आहे ते पाहिलं आणि मग मला एकच गोष्ट विचारली. “तुमच्या रानात पाणी नव्हतं का?”

होतं. भट्टीपासून वीस पावलांवर भरलेला हौद होता. बोअरची मोटार चालू होती.

त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं आणि पुढे मी विचारत-विचारत जे शिकलो ते असं. आपलं अंग घामानं गार होतं. घाम आला आणि तो वाळला, की उष्णता जाते. त्यासाठी हृदय जास्तीत जास्त रक्त कातडीकडं ढकलतं. पाणी कमी पडलं, काम थांबलं नाही आणि बाहेरचा ताप अंगापेक्षा जास्त असला, की हा मार्ग अपुरा पडतो. पोटातल्या अवयवांना, किडनीला रक्त कमी मिळतं. बोअरमधलं पाणी सरल्यावर मोटार कोरडी चालते आणि जळते, तसंच. अंगातला ताप 40 अंशांच्या पुढं गेला की मेंदू बिघडतो, आणि तो बिघडल्याची पहिली खूण म्हणजे माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो. घाम असो वा नसो. कष्टाचं काम करताना ऊन लागलेल्या माणसाला शेवटपर्यंत घाम असू शकतो.

म्हणून आता आमच्या रानात ठरलंय. उन्हात काम करणारा माणूस वेड्यासारखं बोलायला लागला तर तो प्यायलेला आहे असं समजायचं नाही. त्याला सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचं आणि पंखा, सूप, पोतं, जे हाताला लागेल त्यानं वारा घालायचा. बर्फ असला तर मानेला, काखेत, जांघेत. एकानं पाणी ओतत राहायचं, दुसऱ्यानं 108 लावायचा. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. तापाची गोळी इथं काही करत नाही, कारण हा ताप जंतूचा नाही. ताप जितका वेळ चढलेला राहील तितकं नुकसान होतं, म्हणून पहिला अर्धा तास फार मोलाचा. तो आम्ही कांद्यात आणि मोटरसायकलवर घालवला.

मामा वाचले. नऊ दिवस दवाखान्यात होते. पण चालताना त्यांचा तोल जातो, आणि अंगणातून गोठ्यापर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागते. मेंदूचा जो भाग तोल सांभाळतो त्याला उष्णतेचा तडाखा बसतो, असं डॉक्टर म्हणाले.

उष्माघाताच्या आधीची पायरी वेगळी असते, तीही ओळखायला हवी. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, लघवी पिवळी गर्द होणं, उठल्यावर अंधारी येणं. इथं माणूस शुद्धीवर असतो, आणि सावली, ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यानं सावरतो. ओआरएसची पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपीच्या, विशेषतः लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांना ऊन लवकर लागतं. त्यांनी गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरला उन्हाळ्याआधी विचारावं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ‘आपल्याला ऊन काय नवं आहे का’ हे वाक्य मी शंभर वेळा बोललो असेन. मराठवाड्याच्या माणसाला ऊन सोसण्याचा अभिमान असतो. पण अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ती दरवर्षी नव्यानं करावी लागते. म्हणूनच उन्हाळ्याची सुरुवात मेच्या उन्हापेक्षा जास्त दगा देऊ शकते. पुण्याच्या कंपनीतून सुट्टीवर आलेला पुतण्या पहिल्याच दिवशी बापाच्या बरोबरीनं पोती उचलायला जातो, त्याचा धोका सगळ्यांत मोठा. त्याला पहिल्या दिवशी थोडंच काम द्या, रोज थोडं वाढवा.

आणि दुसरं म्हणजे गुत्तं. आमच्याकडं शिजवणी गुत्त्यानं असते. जितकी हळद शिजली तितके पैसे. अशा माणसाला ‘दमानं घ्या, सावलीत बसा’ सांगणं म्हणजे ‘आज कमी पैसे घ्या’ सांगणं. तो बसणार नाही. बायकांचं आणखी एक. रानात आडोसा नसतो म्हणून लघवीला जावं लागू नये, यासाठी त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. त्या बाया मला कधी सांगणार नव्हत्या, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मेसेज मात्र ‘भरपूर पाणी प्या’ असा मीच पाठवत होतो.

तर बारा ते चार बाहेर पडू नका, हे ज्याच्या हातात वेळ आहे त्याला सांगायला हवं. शेतमालकाला, मुकादमाला, रस्त्याच्या ठेकेदाराला, वीटभट्टीवाल्याला, रोजगार हमीच्या कामाची हजेरी घेणाऱ्याला. मजुराला सांगून उपयोग नाही.

लग्नाचा मुहूर्त काढणाऱ्यालाही सांगा. पत्रिकेवर 12.35 छापायचं, नवरदेवाची वरात डीजेपुढं अडीचपर्यंत नाचवायची आणि कापडी मांडवात म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवायचं, हे आपण एप्रिल-मेमध्ये करतो. गोरज मुहूर्त आपल्याच पंचांगात आहे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला उघड्यावर बसलेल्यांपैकी 14 माणसं उष्माघातानं गेली. तिथं त्या दिवशी पारा चाळिशीच्याही खाली होता. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी आकड्यातही माणूस जातो.

घराचंही बोलायला हवं. माझ्या आजोबांचं घर माळवदाचं होतं. जाड भिंती, वर मातीचा थर, दुपारी आत गेलं की गार वाटायचं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, माळवदाच्या वजनाखाली माणसं झोपेतच दबली, आणि पुढं गावोगाव लोकांनी भीतीनं वर पत्रे टाकले. त्या भीतीला मी चूक म्हणणार नाही. पण आज पत्र्याखालची म्हातारी माणसं दुपारी भाजतात, आणि रात्रीही त्या घराला थंडावा येत नाही. ज्याचं अंग रात्री निवत नाही तो दुसऱ्या दिवशी अर्धा दमलेलाच रानात जातो. उन्हाळ्याआधी पत्र्याला वरून चुन्याचा जाड हात मारला तर आतला ताप जाणवण्याइतका कमी होतो. खर्च फार नाही. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या टाकणाऱ्यांनी चुलीच्या ठिणगीपासून तेवढं जपावं.

हे जमत नाही असं नाही. अहमदाबादेत मे 2010 मध्ये नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्या शहरानं 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, दवाखान्यांना तयार ठेवायचं, पाण्याची सोय वाढवायची. आपल्याकडंही प्राथमिक आरोग्य केंद्रात उष्माघाताची खाट ठेवण्याचे आदेश दर उन्हाळ्यात निघतात. ग्रामसभेत उठून विचारा ती खाट कुठं आहे, बर्फ आहे का, पंखा दुपारच्या लोडशेडिंगमध्ये चालतो का. आणि कुणी उन्हात काम करताना गेलं तर ‘अटॅक आला’ म्हणून लगेच गप्प बसू नका. उन्हानं गेलेली कित्येक माणसं अशीच अटॅकमध्ये मोजली जातात.

यंदा आमची शिजवणी पहाटे चारला सुरू होते, दोन फोकस लावून. साडेदहाला भट्टी विझते, उरलेलं संध्याकाळी. भट्टीपाशी शेडनेट बांधलंय, दोन माठ आहेत, बायकांसाठी साडीचा आडोसा केलाय. गुत्त्याचा दर वाढवून दिला, म्हणजे विसाव्याचे पैसे कापले जात नाहीत. शेजारचे म्हणतात, मजूर बिघडवायलाव तुम्ही. म्हणू देत. काम चार दिवस लांबलं, एवढंच.

मामांनाही आणतो रोज, गाडीवरून. ते लिंबाखाली बाजेवर बसतात, हातात काठी. भट्टीवर आता त्यांचा मुलगा असतो. दर थोड्या वेळानं मामा त्याला हाक मारतात, “ए पोरा, आज वार कोणता?” आणि उत्तर बरोबर आलं की म्हणतात, “बरं. पाणी पी आता.”