ईजीआर बंद, फिल्टर बाहेर, नवी क्लच प्लेट: या सल्ल्यात तपासणी कुठे आहे?

पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: 'गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर सोडते, इंजिनची लाइट लागली, म्हणजे प्रदूषणाच्या भानगडींनी इंजिनचा गळा दाबलाय. ईजीआरला (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी वाट) पत्रा मारून ती बंद करा, सायलेन्सरमधला फिल्टर फोडून काढा, स्कॅनर लावून कोड (गाडीने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) पुसा. क्लच घसरत असेल तर नुसती प्लेट टाका, बाकी सगळं मिस्त्रीचं बिल वाढवणं.'

शेवटच्या वाक्यातला राग समजू शकतो. चांगले भाग काढून नवे टाकणारे मिस्त्री असतातच. पण हा मजकूरही तेच करतो: लक्षण दिसलं की भाग ठरवून मोकळा.

'ओढत नाही म्हणजे इंजिन गुदमरलंय.' इथेच सगळी गडबड सुरू होते, कारण ओढ कमी होण्याच्या तक्रारीत दोन अगदी वेगळे बिघाड लपलेले असतात. रिकाम्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चला आणि एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला, पण गाडीचा वेग तिथेच राहिला, तर इंजिन ताकद देतंय आणि ती क्लचमध्ये वाया जातेय. टर्बो डिझेलमध्ये (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) हे साधारण 1500 ते 2500 आरपीएमच्या दरम्यान, टर्बो भरतो त्या क्षणी, सगळ्यात स्पष्ट दिसतं. कारण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिथेच जास्त असतो. जळका वास आला तर शंकाच नको. ही चाचणी एकदा-दोनदाच करा, दर वेळी प्लेटच घासली जाते.

काटाच वर चढत नसेल, तर मग इंजिनकडे वळा. तिथेही आधी स्वस्त गोष्टी: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बो ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे होज. होजच्या जोडावर तेलकट काळा डाग आणि दाबल्यावर फुसफुस ऐकू आली तर हवा तिथून पळतेय. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. आणि हो, चाकं हाताला जास्त गरम लागतायत का तेही बघा. अडकलेल्या ब्रेकमुळे जड झालेल्या गाडीचा दोष इंजिनला देणारे बरेच भेटतात.

'ईजीआर बंद केला की ताकद वाढते.' हा दावा टिकून आहे, कारण काहींना तसा अनुभव खरंच येतो. ईजीआरची झडप काजळीने उघडीच अडकली असेल, तर जळालेला वायू नको त्या वेळी आत येतो, इंजिन थरथरतं, काळा धूर येतो. पत्रा मारल्यावर हे थांबतं. पण झडप साफ केली किंवा बदलली तरीही ते थांबलंच असतं. झडप धड असेल तर पत्रा मारून मिळण्यासारखं फार काही नसतं. पूर्ण एक्सलेटरला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ती बहुतेक वेळा बंदच ठेवतो. म्हणजे चढावर जी ताकद हवी, तिथे ईजीआर आड येतच नाही.

ईजीआरचं काम ज्वलनाचं तापमान खाली ठेवणं, कारण तापमान वाढलं की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. ते सायलेन्सरच्या तोंडाशी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे पत्रा मारल्यावर धूर कमी दिसतो आणि गाडी 'स्वच्छ' झाल्याचा भास होतो. वर ईसीयूला अपेक्षेपेक्षा जास्त हवा आत जाताना दिसते आणि पी0401 (ईजीआरमधून वायू कमी येतोय) हा कोड येऊन लाइट पुन्हा लागते.

'फिल्टर चोक होतो, म्हणून काढून टाका.' डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधला हा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, काजळी अडवतो आणि साधारण 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ती जाळतो. गाडी सतत छोट्या फेऱ्या मारत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं. पण लांब पल्ल्याची गाडीही वारंवार चोक होत असेल, तर जास्त काजळी बनतेय कुठे ते शोधा: गळका इंजेक्टर, तेल सोडणारा टर्बो, उघडा अडकलेला ईजीआर, फाटलेला होज. कधी फिल्टर ठीक असतो आणि दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळीच तुंबलेली किंवा तडकलेली असते. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी पळवू नका. काजळी जाळण्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांमधलं डिझेल तेलात उतरलेलं असू शकतं. फिल्टर फोडल्याने यातला एकही बिघाड जात नाही, फक्त काजळी आपल्या मागच्याच्या नाकात जाते. खूप चाललेल्या गाडीत तेलातल्या रसायनांची राख साचते, ती जाळून जात नाही. तेव्हा मात्र फिल्टर उतरवून साफ करणं किंवा बदलणं भागच असतं.

'कोड पुसा.' पुसण्याआधी निदान लिहून तरी घ्या. कोड लागला त्या क्षणीचा वेग, तापमान, आरपीएम ईसीयू जपून ठेवतो, आणि पुसताना तीही नोंद जाते. पेट्रोल गाडीत पी0420 (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) दिसला की लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरमधला विषारी वायू कमी करणारा भाग, बदलायला धावू नका. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सर गळत असेल तरी हाच कोड येऊ शकतो. लाइट लुकलुकत असेल तर मात्र थांबा. मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टर भाजतंय.

'क्लचला नुसती प्लेट.' गिअरबॉक्स उतरवण्यातच मुख्य मेहनत आहे. एवढं खोलल्यावर थकलेली प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि जुनं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं) परत बसवणं म्हणजे तेच काम लवकरच दुसऱ्यांदा करणं. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनचं जड चाक) निळे डाग किंवा बारीक चिरा असतील तर नवी प्लेटही गाडी उचलताना थरथरेल. जुनी प्लेट तेलकट निघाली तर आधी इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील बघा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, त्यावरून कुठलं सील गेलं ते बरंचसं कळतं.

उलट, क्लच घसरत नसून सुटतच नसेल, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स खरखरत पडत असेल, तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणारा) क्लच असलेल्या गाडीत गिअरबॉक्सला हात लावण्याआधी क्लचच्या तेलाच्या बाटलीतली पातळी बघा, मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलेंडरला ओल आहे का तपासा, लाइनमधली हवा काढा. भरताना बाटलीच्या झाकणावर लिहिलेला ब्रेक फ्लुइडच वापरा. त्यात इंजिन ऑइल गेलं तर रबरी सील फुगतात आणि दोन्ही सिलेंडर बदलावे लागतात.