काकांचं घड्याळ आणि ट्रेलिसची सुटका

नमस्कार. माझ्या लेखावर इतकं सविस्तर आणि तिखट लिहिलंत, आभार. आयरिश लेखक फ्लॅन ओ'ब्रायनच्या 'अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स' (१९३९) या कादंबरीवर तुमचे आक्षेप तीन. एक, हे जेम्स जॉइस या आयरिश कादंबरीकाराचं अनुकरण. दोन, तीन सुरुवाती, गोष्टीत गोष्ट, हा नुसता चमत्कृतीचा पसारा. आत काही नाही. तीन, शीला लॅमाँट या पात्राचं जे होतं ते मी लेखात हसण्यावारी नेलं.

जॉइसचं आधी उरकतो. त्याची 'युलिसिस' ही कादंबरी माणसांच्या डोक्यात शिरते. इथे निवेदक तीन मिनिटं चावायला पुरेल एवढा पाव तोंडात घालून स्वतःच्या मनात निघून जातो आणि दार लावून घेतो. काकांबद्दल काय वाटतं हे तो सांगत नाही. 'काकांचे वर्णन' असा मथळा देऊन, पोलिसी टिपणासारखी चार विशेषणं टाकून मोकळा होतो.

आता 'आत काही नाही'बद्दल. डब्लिनमध्ये काकांच्या घरी राहणारा, कॉलेज बुडवून अंथरुणात लोळणारा हा निवेदक मुलगा. काका उठता-बसता टोचतात, पुस्तक उघडतोस का कधी? त्यांच्यापुढे तो गुळमुळीत उत्तरं देतो आणि खोलीत जाऊन ट्रेलिस नावाचा लेखक रचतो. ट्रेलिस त्याच्यासारखाच अंथरुणात पडून असतो, पण पहारा ठेवतो तो काकांसारखा. आपल्या कादंबरीतली पात्रं नजरेखाली राहावीत म्हणून तो त्यांना रेड स्वान हॉटेलात आपल्यासोबतच ठेवतो. तो जागा असेल तेवढीच त्याची सत्ता. मग पात्रं त्याला गुंगीचं औषध देतात आणि पुढे त्याच्याच मुलाकडून, ऑर्लिककडून, त्याचा छळ नि खटला लिहून घेतात.

आणि शेवट? मुलगा परीक्षा पास होतो. काका अभिनंदन करतात, घड्याळ भेट देतात. लगेच पुढच्या भागात मोलकरीण ट्रेलिसच्या हस्तलिखिताची पानं शेकोटीत घालते, पात्रं नाहीशी होतात, ट्रेलिस वाचतो. पुतण्याचा राग उतरलाय हे एका वाक्यानेही सांगितलेलं नाही. ते रचनेतूनच कळतं. याला पसारा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

स्वीनीचा भाग कंटाळून सोडलात असं म्हणता. शापाने वेडा होऊन झाडाझाडांवर फिरणाऱ्या त्या राजाची जुनी आयरिश कविता ओ'ब्रायनच्या अभ्यासाचीच, एम.ए.चा प्रबंध त्याने आयरिश निसर्गकवितेवर लिहिला होता. आयरिश दंतकथांतला वीर फिन मॅककूल ती ऐकवत असताना शॅनहन हे दुसरं पात्र मध्येच तोडतं: छान आहे हो, पण साध्या माणसाला त्याचं काय? आणि जेम केसी या कामगार-कवीची बिअरवरची कविता म्हणून दाखवतं. म्हणजे तुमची तक्रार पुस्तकात आधीच नोंदवलेली आहे! (राग मानू नका.)

शीलाबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. ट्रेलिस तिला घडवतो, तिच्यावर बळजबरी करतो, ती ऑर्लिकला जन्म देऊन मरते. लेखकाच्या निरंकुश सत्तेचं याहून भीषण उदाहरण पुस्तकात दुसरं नाही. तरी खटल्यात आपापली गाऱ्हाणी मांडायला पुरुष आहेत, वेळेवर दूध काढलं नाही म्हणून एक गायसुद्धा साक्षीला उभी राहते, आणि शीलाला तोंडच नाही. मेलेलं पात्र परत आणणं ओ'ब्रायनला अवघड नव्हतं. त्याच्या या पुस्तकात काहीही चालतं. त्याला ते सुचलं नाही, की नको होतं?