लेबर रूममध्ये नवरा कशाला? त्याचं उत्तर

फोंड्याच्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. नवऱ्याला बाळंतपणाच्या खोलीत घेणं हे फॅड आहे. त्याने जंतू आत येतात, तो घाबरून डॉक्टरांच्या कामात अडथळा आणतो, हे काम आई-सासूचं, आणि बायकोला त्या अवस्थेत पाहिलं की नवऱ्याचं मन उडतं, असं त्यात म्हटलंय. माझ्या वेळी नवरा शेवटपर्यंत शेजारी होता, म्हणून एकेक मुद्दा घेते.

जंतूंचं आधी. स्वच्छ कपडे, धुतलेले हात, सर्दी-ताप नसणं या अटी आईलाही लागू आहेत आणि नवऱ्यालाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मुभा दिली. त्यात पहिली पसंती अनुभवी नातेवाईक बाईला आहे, हे खरं. पण जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही घेता येईल, असंही त्यात म्हटलंय. एकाच खोलीत ओळीने खाटा असतील तर शेजारच्या बाईची लाज राखायलाच हवी. तिथे नवऱ्याला बाहेर थांबवलं तर माझी तक्रार नाही. पण मग आपण पडदे मागायला हवेत.

आता अडथळ्याचं. कळ आली की हा माझ्या कमरेत, अगदी खाली, तळहात रोवून जोर लावायचा. कळ ओसरली की हात काढायचा आणि पाण्याचा घोट द्यायचा. मी ‘नको’ म्हटलं की गप्प उभा. सिस्टरना एकाच वेळी इतर बायकाही बघायच्या असतात. त्यांना एवढा वेळ कुठून मिळणार? एकटेपणाने भीती वाढते, भीतीने अ‍ॅड्रेनालिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि त्यामुळे कळा मंदावू शकतात. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 26 चाचण्यांमधल्या 15 हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र तपासली होती. ज्यांना सतत सोबत मिळाली त्यांच्यात नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझेरियन कमी आणि कळांचा काळही थोडा कमी आढळला. हे सोबती सगळे नवरे नव्हते, प्रशिक्षित बायका आणि रुग्णालयाच्या कर्मचारीही होत्या, हे सांगायलाच हवं. तरी ज्या गोव्यात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दहातली जवळपास चार बाळंतपणं सिझेरियनने होतात, तिथे बिनखर्चाची ही मदत दारातच का अडवायची?

आई-सासूचं काम म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारस बाईने स्वतः निवडलेल्या सोबतीची आहे. तिला आई हवी असेल तर आई. आपल्याकडे कितीतरी नवरे बोटीवर नोकरीला असतात; तिथे बहीण किंवा जाऊ येईल. पण कुणाची आई काणकोणला गुडघे धरून बसलेली असते, आणि रात्रभर कंबर दाबायला अंगात ताकद लागते.

शेवटचा मुद्दा वाचून मला राग आला. मन उडतं म्हणे! टाके घालत होते तेव्हा बाळ याच्या उघड्या छातीवर होतं. घरी आल्यावर बाळाला मध चाटवायला एक आजी पुढे झाल्या, तेव्हा सगळ्यांसमोर त्यांना हात जोडून ‘आजी, वर्षाच्या आत मध नको, त्यातून बाळाला बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो’ असं सांगणारा हाच होता. लेबर रूममध्ये सिस्टर बोलल्या ते त्याने माझ्यापेक्षा नीट ऐकलं होतं; मी कुठे शुद्धीत होते! मला टाक्यांनी बसवत नव्हतं तेव्हा उशी कुठे सरकवायची हे त्याला विचारावं लागलं नाही, कारण काय झालंय ते त्याने पाहिलं होतं.

ज्याला रक्त पाहवत नाही त्याने उशाकडे उभं राहावं. बायकोलाच तो आत नको असेल तर त्याने बाहेर थांबावं. ज्यांना हवं आहे त्यांनी सातव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून घ्या: सोबत कोण येऊ शकतं, रात्रीही चालेल का, आणि सिझेरियन करावं लागलं तर बाळ आधी कुणाकडे देतील.